विल्यम लॅम्बटन : हिंगोलीच्या नकाशाआधीचा माणूस

प्रास्ताविक

मराठी चरित्रवाङ्मय प्रामुख्याने राजे, संत, समाजसुधारक आणि साहित्यिक यांच्याभोवती वाढले आहे. या पाठात ज्याचे चरित्र आपण अभ्यासणार आहोत तो मनुष्य यांपैकी कोणीच नव्हता. तो इंग्रजी पलटणीतला एक साधा अधिकारी होता. आयुष्याची अखेरची वीस वर्षे त्याने दक्षिण हिंदुस्थानातील डोंगरमाथ्यांवर, देवळांच्या शिखरांवर आणि माळरानांवर कोन मोजण्यात घालवली आणि विदर्भातील हिंगणघाट येथे तो मरण पावला. त्याने कोणत्याही एका गावाचा नकाशा काढून प्रसिद्धी मिळवली नाही. तरीही आज हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या गावाचे शिवार शंभर-दीडशे वर्षांत कसे पालटले हे नकाशांच्या आधारे तपासावयाचे असेल, तर त्या तपासणीचा पाया या माणसाच्या कामात सापडतो.

हा मुद्दा आरंभीच नीट समजून घ्यावा. प्रदेशाचा जुना इतिहास सांगणारी साधने अनेक असतात : जमाबंदीचे कागद, गॅझेटियर, छावणीची दप्तरे, शिलालेख, लोकांच्या आठवणी. नकाशा हे त्यांतील एक. मात्र दोन काळांतील दोन नकाशे एकमेकांवर ठेवून तुलना करावयाची, तर दोन्ही नकाशे एकाच मापाने, एकाच चौकटीत बसवलेले असले पाहिजेत. अंदाजाने काढलेल्या नकाशात नदी दोन कोस पूर्वेस सरकलेली दिसली, तर नदीने पात्र बदलले की नकाशा काढणाऱ्याची चूक झाली, हे ठरवता येत नाही. ज्या चौकटीमुळे ते ठरवता येऊ लागले, ती चौकट दख्खनमध्ये लॅम्बटनने उभी केली.

जन्म, शिक्षण आणि अमेरिकेतील वर्षे

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर परगण्यात नॉर्थॲलर्टन गावाजवळ झाला. जन्मवर्ष १७५३ ते १७५६ च्या दरम्यानचे मानले जाते. घराणे सामान्य होते. गणितात त्याला उपजत गती होती. त्या बळावर त्याला शिक्षण मिळाले आणि १७८१ मध्ये सैन्यात कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा मिळाली. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरच्या काळात तो तिकडे गेला. युद्ध संपल्यावर इंग्रजांकडे राहिलेल्या कॅनडाच्या न्यू ब्रुन्सविक प्रांतात जमिनी मोजण्याचे आणि पुढे बराकींच्या व्यवस्थेचे काम त्याच्याकडे आले. ते त्याने सुमारे तेरा वर्षे केले. तेथेच सूर्यग्रहण पाहताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे ज्याने आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावला, त्याला पाहावयाला एकच डोळा होता, ही गोष्ट चरित्रकार सहसा ठळकपणे सांगतात. आपण तिची नोंद घेऊन पुढे जाऊ.

ही तेरा वर्षे बाहेरून पाहता निष्फळ वाटतात. पदोन्नती नाही, लढाई नाही, कीर्ती नाही. परंतु याच काळात त्याने उच्च गणित आणि पृथ्वीच्या आकारमानाविषयीचे ग्रंथ एकांतात अभ्यासले. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, हे अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञांच्या मोहिमांनी दाखवून दिले होते. तो चपटेपणा नेमका किती, याविषयी मात्र एकमत नव्हते. त्यासाठी निरनिराळ्या अक्षांशांवर एका अंशाची लांबी जमिनीवर प्रत्यक्ष मोजणे आवश्यक होते आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत अशी मोजमापे फारच थोडी झाली होती. हा प्रश्न लॅम्बटनच्या मनात घर करून राहिला.

श्रीरंगपट्टण आणि एक प्रस्ताव

चाळिशी ओलांडल्यावर तो हिंदुस्थानात आला. त्याची तेहतिसावी पलटण आर्थर वेलस्ली याच्या हाताखाली होती. १७९९ च्या म्हैसूरच्या चौथ्या युद्धात श्रीरंगपट्टणाच्या मोहिमेवर असताना एका रात्री सेनापती बेअर्ड याची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटनने आकाशातील तारे पाहिले आणि सैन्य उत्तरेकडे जाण्याऐवजी दक्षिणेकडे, थेट शत्रूच्या तळाच्या दिशेने चालले आहे, हे सेनापतीच्या लक्षात आणून दिले. होकायंत्राने त्याचे म्हणणे खरे ठरवले आणि तुकडी माघारी वळली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि म्हैसूरचा मोठा मुलूख इंग्रजांच्या प्रभावाखाली आला.

नव्या मुलखाचे नकाशे हवेत, ही सरकारची गरज होती. लॅम्बटनने त्याच वेळी एक प्रस्ताव मांडला. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक अखंड मालिका न्यावी, तिच्यामुळे ठिकाणांची स्थाने बिनचूक ठरतील, आणि त्याबरोबरच पृथ्वीच्या आकाराचा प्रश्नही सुटत जाईल. पहिला हेतू सरकारला समजणारा होता. दुसरा त्याचा स्वतःचा होता. वेलस्लीच्या पाठिंब्यामुळे १८०० मध्ये मद्रास सरकारने प्रस्ताव मान्य केला. विरोध झालाच. मद्रासच्या वित्त समितीतील एका सभासदाला हा सगळा खर्च निरर्थक वाटला. श्रीरंगपट्टणास जावयाचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, ते वाट चुकत नाहीत, अशा आशयाचा त्याचा आक्षेप होता. या आक्षेपाला हसू नये. ज्याला केवळ एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे आहे, त्याच्यासाठी वाटाड्या पुरेसा असतो. राज्यकर्त्याला मात्र न गेलेल्या ठिकाणीही सत्ता पोहोचवायची असते.

साखळी, यंत्र आणि पहिली आधाररेषा

या कामाची पद्धत थोडक्यात अशी. जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची. तिला आधाररेषा म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीवरील निशाणाकडे पाहून कोन मोजावयाचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. या नव्या बाजू पुढच्या त्रिकोणांच्या आधाररेषा होतात. अशा रीतीने साखळी पुन्हा जमिनीवर न टेकवता शेकडो मैल अंतर ठरवता येते. अधूनमधून मात्र नवी आधाररेषा प्रत्यक्ष मोजून गणिताने काढलेल्या लांबीशी ताडून पाहावी लागते.

उपकरणांची हकिकत तर कादंबरीत शोभावी अशी आहे. शंभर फूट लांबीची पोलादी साखळी आणि ताऱ्यांची उंची मोजण्याचे मोठे यंत्र लॅम्बटनला कलकत्त्यात मिळाले. ही सामग्री मुळात चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी पाठवलेल्या वस्तूंपैकी होती; ती चीनमध्ये स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत कलकत्त्यास आली. कोन मोजण्याचे महाकाय यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनमध्ये तयार करवून घेतले. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच आणि वजन सुमारे अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध चालू होते. तरीही यंत्राचा उपयोग कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले.

एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषेची मोजणी सुरू झाली. सुमारे साडेसात मैलांची ही रेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. शंभर फुटांची साखळी पेटाऱ्यांमध्ये ताणून, तिपायांवर समपातळीत ठेवून, तिच्यावर तापमापके लावून मोजणी केली जाई. कारण उन्हाने पोलाद प्रसरण पावते आणि तेवढ्यानेही माप चुकते. या कामाची लय समजण्यासाठी एवढा तपशील पुरे आहे. या पिढीला उपग्रहांमुळे क्षणार्धात स्थान कळते. त्या काळी एका मैलासाठी आठवडा लागे.

पुढील काही वर्षांत त्रिकोणांची मालिका मंगळूरच्या बाजूस पोहोचली. त्यातून लक्षात आले की मद्रासच्या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी नकाशांत दाखवली जात होती तशी सुमारे ४०० मैल नाही, तर सुमारे ३६० मैल आहे. चाळीस मैलांची रुंदी कागदावरून नाहीशी झाली! जुन्या नकाशांवर आंधळा विश्वास का ठेवू नये, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण. त्यानंतर बंगळूरपासून दक्षिणोत्तर जाणारी मालिका सुरू झाली. हाच पुढे प्रसिद्धीस आलेला महाकंस. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याच्या वर्तुळाचा आकार बिघडला. लॅम्बटन तंबूत स्वतःला कोंडून घेऊन बसला आणि सुमारे सहा आठवड्यांच्या अवधीत स्वतःच्या हातांनी त्याने ते वर्तुळ पुन्हा मूळ आकारात आणले. पुढील वर्षी मालिका कन्याकुमारीजवळ पोहोचली.

एक बाब येथे निदर्शनास आणणे आवश्यक वाटते. तिपाया वाहणारे, यंत्र खांद्यावर घेऊन डोंगर चढणारे, दूरच्या टेकडीवर दिवसेंदिवस निशाण धरून उभे राहणारे लोक शेकड्यांनी होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे मोजणीच्या ग्रंथांत येत नाहीत. चरित्र एका माणसाचे असते. काम एका माणसाचे नसते.

निजामाच्या मुलखात

१८१५ मध्ये लॅम्बटनने बीदरजवळ दामरगिद्दा येथे नवी आधाररेषा मोजली. येथून आपल्या अभ्यासाचा प्रदेश जवळ येतो. दामरगिद्द्याचे रेखांश सुमारे ७७ अंश ४० मिनिटे आहेत. तेथून सरळ उत्तरेकडे रेघ ओढली, तर ती गोदावरी ओलांडून हदगाव आणि उमरखेड यांच्या टापूतून वऱ्हाडात शिरते. हिंगोली शहर या रेघेच्या पश्चिमेस सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि कळमनुरी त्याहूनही जवळ आहे. म्हणजे महाकंसाचा कणा आजच्या जिल्ह्याच्या पूर्व सीमेलगत गेला. त्या मोठ्या त्रिकोणांच्या बाजूंना आधार धरून लहान त्रिकोण पसरत गेले आणि प्रदेशातील टेकड्या, गढ्या, देवळांची शिखरे यांची स्थाने ठरत गेली.

हा मुलूख त्या वेळी शांत नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई संपली. जानेवारी १८१९ मध्ये हिंगोली-नांदेड टापूतील नव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली हटकरांनी निजामाच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतील फौजेशी निकराची झुंज दिली. त्याच वर्षी हिंगोली येथे या फौजेचे, म्हणजे पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखल्या गेलेल्या सैन्याचे ठाणे झाले. ते १९०३ पर्यंत राहिले. छावणी, रस्ता आणि नकाशा ही तिन्ही एकाच राजकीय गरजेची अपत्ये होती, हे या कालक्रमावरून सहज ध्यानात येते. लॅम्बटनच्या मनात पृथ्वीचा आकार असेल; त्याच्या कामाचा पैसा मात्र ज्या तिजोरीतून येत होता, तिला मुलूख ताब्यात ठेवावयाचा होता. चरित्रलेखकाने या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत. नुसते शास्त्रप्रेम सांगितले तर स्तुती होते, नुसता साम्राज्याचा स्वार्थ सांगितला तर माणूस हरवतो.

निजामाच्या मुलखाचे तपशीलवार स्थलवर्णनात्मक सर्वेक्षण १८१६ मध्ये जेम्स गार्लिंग या अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले. गावे, ओढे, वाटा, तळी हे सारे कागदावर आणणे हे त्याचे काम होते आणि त्यासाठी पाया लॅम्बटनच्या त्रिकोणांचा होता. हवामान आणि ताप यांनी या लोकांची पाठ सोडली नाही. गार्लिंग १८२० मध्ये मरण पावला. लॅम्बटनचा नवा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट हाही गोदावरी-कृष्णेच्या दरम्यानच्या अरण्यात तापाने इतका खंगला की त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या केप प्रांतात पाठवावे लागले. या एव्हरेस्टचे नाव पुढे जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. लॅम्बटनचे नाव सामान्य वाचकाला माहीतही नसते. १ जानेवारी १८१८ पासून हे सर्वेक्षण मद्रास सरकारकडून कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारकडे गेले आणि त्याला हिंदुस्थानचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले. त्याआधी १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्बटनला सभासदत्व दिले होते. पन्नाशी उलटून गेलेल्या, प्रायः तंबूत राहणाऱ्या या माणसाच्या वाट्याला आलेला हा एक मोठा मान होय.

हिंगणघाट

लॅम्बटनचे खासगी आयुष्य कागदपत्रांत फारसे दिसत नाही. त्याचा विधिवत विवाह झाला नव्हता. हिंदुस्थानातच जन्मलेली त्याची मुले होती. तो अबोल, सौम्य आणि कामाच्या बाबतीत अथक होता, असे चित्र उपलब्ध वृत्तांतांवरून उभे राहते. वय सत्तरीकडे झुकले, खोकल्याने शरीर पोखरले, तरी काम सोडावे असे त्याला वाटले नाही. वऱ्हाडात अचलपूरजवळच्या टाकरखेड्यापर्यंत कंस पोहोचला होता. म्हणजे कन्याकुमारीजवळच्या सुमारे ८ अंश अक्षांशापासून २१ अंशांच्या पलीकडे, जवळजवळ तेरा अंश. एकूण सुमारे १,६५,००० चौरस मैल प्रदेश त्याच्या देखरेखीखाली त्रिकोणांनी बांधला गेला.

आपले मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवावे म्हणून तो १८२३ च्या आरंभी उत्तरेकडे निघाला. वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याचे थडगे तेथेच आहे. एव्हरेस्टने काम पुढे चालवले. त्याने लॅम्बटनच्या मोजणीतील उणिवा कठोरपणे दाखवल्या आणि पुढे, १८३८ ते १८४१ या काळात, बीदरच्या आधाररेषेपर्यंतचा कंस अधिक चांगल्या यंत्रांनी पुन्हा मोजला गेला. शास्त्राची परंपरा अशीच चालते. गुरूची चूक काढणे हा तेथे अनादर मानला जात नाही.

नकाशावरून हिंगोलीचे रूपांतर कसे वाचावे

आता या चौकटीचा उपयोग पाहू. १८२७ पासून हिंदुस्थानच्या मोठ्या नकाशासंचाची पत्रके प्रसिद्ध होऊ लागली. त्यांचे प्रमाण चार मैलांना एक इंच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०५ नंतर, मैलाला एक इंच या प्रमाणाची नवी स्थलदर्शक पत्रके तयार होऊ लागली आणि स्वातंत्र्यानंतर १ : ५०,००० या प्रमाणाची मेट्रिक पत्रके आली. या जुन्या क्रमांकपद्धतीत हिंगोली, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत ही चारही तालुक्यांची ठिकाणे ५६ ई या अंशपत्रकात येतात. सेनगाव ५६ ए मध्ये येते. निरनिराळ्या काळांतील ही पत्रके अक्षांश-रेखांशांच्या एकाच जाळ्यात बसत असल्यामुळे ती एकमेकांवर ठेवून पाहता येतात. आरंभी सांगितलेला मुद्दा तो हाच.

पहिला बदल पाहावा तो पाण्याचा. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगा, मधून कयाधू आणि दक्षिणेस पूर्णा. जुन्या पत्रकांत पैनगंगेच्या काठी गावे आहेत, उतार आहेत, बैलगाडीच्या वाटा नदी ओलांडून वऱ्हाडात जातात. नव्या पत्रकांत इसापूर धरणाचा निळा जलाशय त्यांतील काही भाग झाकून टाकतो. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांनी तसेच केले. जलाशयाच्या कडेशी एखादी वाट एकाएकी पाण्यात शिरून संपलेली दिसते. ती नकाशातील चूक समजू नये. ती वाट खरोखर तेथे होती आणि पाण्याखाली आजही आहे. ज्या कुटुंबांची घरे या पाण्यात गेली, त्यांच्यासाठी जुने पत्रक म्हणजे गाव कोठे होते याचा कागदोपत्री दाखला. आपल्यापैकी काहींच्या घरी अशी आठवण असेल.

दुसरा बदल सीमांचा. १८५३ मध्ये निजामाने कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. त्याच कंटिन्जंटचे एक ठाणे हिंगोलीत होते, हे मागे सांगितले आहे. या तहानंतर पैनगंगा ही दोन कारभारांमधली सीमा झाली. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरसंबंध, बाजारहाट आणि जत्रा चालूच होत्या; कागदावर मात्र एक जाड रेषा आली. पुढे १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. एवढ्या राजवटी बदलल्या, तरी सीमेची ती नदी बव्हंशी तीच राहिली. जिल्ह्याच्या सीमा पाहताना हा १८५३ चा वारसा डोळ्यांआड करू नये.

रेल्वेची गोष्ट सोपी आहे. एकोणिसाव्या शतकातील नकाशांत या भागात लोहमार्ग नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पूर्णा-हिंगोली मीटरगेज मार्ग झाला आणि काही दशके हिंगोली हे शेवटचे स्थानक राहिले. मग वाशीमवरून अकोल्याकडे मार्ग वाढला आणि २००८ मध्ये तो रुंद झाला. छावणी उठून गेल्यावरही गाव कापसाची पेठ म्हणून का टिकले, याचे उत्तर शोधताना या रुळांकडे लक्ष द्यावे.

तिसरी गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक जवळची आहे : गावांची नावे. नाव सांगणारा गावकरी, ऐकणारा मद्रासकडचा मोजणीदार आणि पत्र्यावर अक्षरे कोरणारा लंडनमधील कारागीर, अशा तीन कानांतून आणि हातांतून नाव कागदावर पोहोचले. वसमतचे बसमत झाले आणि दोन्ही रूपे सरकारी लेखनात अजून नांदतात. कयाधूकाठचे नरसी हे नकाशावर एक साधे गाव आहे. परंपरेने ते संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, हे त्या ठिपक्यावरून कळत नाही. औंढ्याच्या नागनाथाचे मंदिर मात्र चिन्हाने दाखवलेले असते, कारण ते दुरून दिसते. नकाशा दिसणाऱ्या गोष्टींना महत्त्व देतो. हळदीचे पीक, एखाद्या पाणवठ्यावर कोणाला मनाई होती, कोणत्या वाटेने वारी जाई, यांपैकी काहीही त्यात नसते.

आणि शेवटी बेचिराख गावे. चिराग म्हणजे दिवा. जेथे दिवा लागत नाही ते बेचिराख. महसुली कागदांत अशा गावाची शिव असते, जमिनीला गट क्रमांक असतात, सारा येतो, वस्ती नसते. जुन्या पत्रकांत ओसाड गावासाठी वेगळी खूण असते आणि नव्या पत्रकांत पुष्कळदा ते नावच नाहीसे झालेले असते. दुष्काळ, पटकी किंवा प्लेगची साथ, दरोडे, नदीचा पूर अशी कारणे वेगवेगळी असू शकतात आणि नकाशा त्यांपैकी एकही सांगत नाही. ते विचारावे लागते. शेजारच्या गावातील वयस्क माणसे आजही अमक्या शेताला पांढरीचे शेत म्हणतात. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. नांगराला तेथे खापरे लागतात.

औंढा नागनाथ तालुक्यात सध्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या काटकोनातील दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असतील आणि अणूच्या केंद्रकाहूनही सूक्ष्म हालचाल त्या मोजतील. साखळीने साडेसात मैल मोजताना उन्हाचा हिशेब ठेवणाऱ्या लॅम्बटनला या यंत्राची नाही, तरी त्यामागच्या चिंतेची ओळख नक्कीच पटली असती. हा आपल्या विषयाबाहेरचा उल्लेख झाला, पण जिल्ह्याच्या पुढच्या पत्रकांत या बाहूंच्या दोन रेषा येतील म्हणून तो केला.

स्वयं-अध्ययनासाठी आपल्या गावाचे एक जुने आणि एक नवे स्थलदर्शक पत्रक मिळवावे. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नवी पत्रके उपलब्ध असतात. जुनी पत्रके विद्यापीठांच्या भूगोल विभागांत आणि मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. दोन्ही पत्रकांत प्रथम जवळच्या टेकडीवरील छोटा त्रिकोण आणि त्यातील टिंब शोधावे; ते त्रिकोणमितीय स्थान होय आणि दोन्ही पत्रके त्याच ठिकाणी जुळवावीत. मग जुन्या पत्रकात आहे आणि नव्यात नाही अशा एका नावाची निवड करून ते नाव गावातील किमान तीन वयस्क व्यक्तींना विचारावे. प्रत्येकाने केलेला उच्चार जसाच्या तसा देवनागरीत लिहून घ्यावा. तो दुरुस्त करू नये.